डायवर आणि गंगी

“ही नको, ती घ्या. पोट पाहा तिचं, अंड्यांनी भरून आहे. हिचा रस्सा असा दाट होते का...”

एवढं बोलून आमचे हे गप्प झाले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दोन्ही पोरांनी एकदमच मान वर करून बापाकडं पाहिलं. रोशन तेव्हा दुसरीत होता आणि मयू बालवाडीत. मयूनं तर माझा पदर सोडून बापाचा हातच धरला, घट्ट, पुढं जाऊ नये म्हणून.

कारण आम्ही त्या दिवशी साकोलीच्या बाजारात रश्श्यासाठी मासोळी घ्यायला आलोच नव्हतो. पोरांना पाळायला घ्यायला आलो होतो.

आता मासोळी पाळायला म्हटल्यावर लोक हसणारच. पण त्याला कारण आमचे घरमालक, कापगते काकाजी. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. रोशनला कुत्रा हवा होता, मयूला ससा. मी दोघांना घेऊन काकाजींना विचारायला गेले तर त्यांनी हातच झटकले. आधीच्या भाडेकरूच्या बकरीनं त्यांचा दोडक्याचा अख्खा वेल खाल्ला होता, ते दुःख अजून ताजं होतं.

“चार पायांचं काई चालणार नाई,” ते म्हणाले.

“मग पोपट?” रोशननं विचारलं.

“पंखाचंबी नाई. गच्चीवर माझे गहू वाळते.”

मयू सगळं जेवण होईपर्यंत विचार करत बसली. हात धुतला, ओल्या हातानंच काकाजींच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, “मासोळीले पाय नसते. पंखबी नसते.”

काकाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “वा गं वकीलबाई! टाक मंग विहिरीत. पाणी साफ राहीन.”

मला वाटत होतं भंडाऱ्याहून काचेच्या भांड्यातले रंगीत मासे आणावेत. पण ह्यांनी ते मोडीत काढलं. हे एसटीत कंडक्टर, साऱ्या जगाला तिकीट फाडून देणारा माणूस, त्यांना प्रत्येक गोष्टीत मत. म्हणाले, “ते काचेतले चार दिवसांत मरते, अन् मंग पोरं रडते. पहिलंच जनावर आहे पोरायचं, चिवट पाहिजे. मरळ घेऊ. मरळ ओल्या पोत्यात घालून ठेवली तरी जितीच राह्यते.”

बोलणं खरं होतं. पण आम्ही ढिवर, पिढीजात मासेमार. मासोळी आमच्या घरी येते ती ताटात यायला. त्यातून आमच्या ह्यांची मरळीवरची माया सगळ्या डेपोला माहीत होती. कोणाच्या घरी मरळीचा रस्सा शिजला की त्या रूटवर ह्यांनी ड्युटी मागून घेतली, असं ड्रायव्हर लोक चिडवायचे. असा माणूस मासोळीवाल्या बाईच्या घमेल्यापुढं बसला की त्याची बोटं आपोआप मासोळीच्या पोटावर जातात. पाळायची काय न् खायची काय, बोटांना काय कळते!

मासोळीवाली सुगंधाबाई विळी पुढं ओढून म्हणाली, “ही ना? कापून देऊ?”

मयूनं असा सूर लावला की शेजारच्या कांदेवाल्याचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

“नाई वो बाई, पाळायची आहे,” मी म्हटलं.

“पाळायची? मरळ?” सुगंधाबाई विळीवरून मागं सरली. मग घमेल्यातल्या मरळीकडं पाहून म्हणाली, “नशीब काढलं वं माय तुनं.”

शेवटी दोन घ्याव्या लागल्या, कारण एकीत भागायला पोरं तयार नव्हती. रोशननं एक लांब, सडपातळ मरळ निवडली. ती घमेल्यात एका जागी थांबत नव्हती, म्हणून तिचं नाव त्यानं तिथंच ठेवलं, डायवर. मयूच्या वाट्याला ती पोटाची आली. तिचं नाव गंगी.

घरी येताना बादली ह्यांच्या हातात होती. मयू बादलीच्या आणि ह्यांच्या मधून चालत होती.

“बाबा, तुम्ही गंगीले खाणार?”

“नाई वं.”

“शप्पत?”

“शप्पत.”

“मंग रस्सा काहून म्हटलं?”

दिवसभर गाडीत पन्नास लोकांच्या तोंडाला तोंड देणारा माणूस, त्यांनी नुसती बादली दुसऱ्या हातात घेतली, तशी मयूही त्या बाजूला आली.

काकाजींची विहीर जुनी, दगडांनी बांधलेली आणि ऐसपैस होती. पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या होत्या. चैत्रात पाणी खाली गेलं होतं आणि शेवटच्या पायरीपाशी शेवाळ अन् पाणगवत माजलं होतं. ह्यांनी तिथं बादली कलंडून दिली. डायवर सुळकन गेला. गंगी थोडी थांबली, मग तीही गेली.

त्या दिवसापासून मयूचा पहारा सुरू झाला. हे आंघोळीला विहिरीवर गेले की ही मागोमाग जाऊन वरच्या पायरीवर बसायची. हे दोर सोडायचे, ही बादलीत डोकावून पाहायची. न्हाणीमागची माती उकरून दोघं पोरं गांडुळं काढायची आणि पाण्यात टाकायची, तेव्हा बापाला जवळ यायची परवानगी नव्हती. सुरुवातीला हे हसायचे. शेजारणींना सांगायचे, आमच्या घरी पोलीस ठाणं उघडलं म्हणून. मग हसणं हळूहळू कमी झालं. एकदा शर्टाची बटणं लावता लावता मला म्हणाले, “रेखा, पोरगी मले चोर समजून राह्यली.”

“लहान आहे. विसरीन.”

“विसरत नाई ना. काल जेवताना म्हणे, बाबा, तुम्ही झोपा आधी, मंग मी झोपतो.”

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते गिळलं. पोरगी बापाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. हे कामावरून आले की पायांना मिठी घालून बसणारी. आता हे आले की ती विहिरीकडं पळायची. खरं सांगते, त्या दोन मासोळ्यांचा मला राग यायला लागला होता.

आणि मग एके दिवशी सकाळी मी पाण्याला गेले, तर पाण्यावर कोणीतरी कुंकू सांडल्यासारखं दिसलं.

पहिल्यांदा मनात आलं, काही बाहेरचं केलं की काय कोणी! मी चार पायऱ्या उतरले. तो लाल डाग हलत होता. पसरायचा, गोळा व्हायचा, पुन्हा पसरायचा. आणखी दोन पायऱ्या उतरले तेव्हा दिसलं, ती पिल्लं होती. मोहरीएवढाल्या डोळ्यांची लालबुंद पिल्लं, किती ते देवच जाणे, एकमेकांना चिकटून वर यायची, श्वास घ्यायची आणि खाली जायची. त्यांच्या बरोबर खाली, काळ्या पाण्यात, दोन अंगं होती. एक मोठं, एक सडपातळ.

“रोशन! मयू! या लवकर, अहो तुम्हीपण या!” मी ओरडले. मग आपणच तोंडावर हात ठेवला. वाटलं, तिथं ओरडू नये.

पोरं आली. हे आले, अर्धी दाढी केलेले. एक बेडूक पायरीवरून पाण्यात पडला, त्या लाल डागाच्या जवळ. खालून काहीतरी आलं, पाणी फाटलं, आणि बेडूक तिथं नव्हता. लाल डाग तसाच, त्याच्या नादात.

एवढी वर्षं मी मरळ चिरली होती. खवले काढले होते, कल्ले काढले होते, पोटातली अंडी वेगळी काढून हळद-मीठ लावून तळली होती. ती अंडी राहू दिली तर त्याचं हे होते, आणि आईबाप त्याच्याखाली असे उभे राहतात, हे मला कधी मनातही आलं नव्हतं.

“माझी उमर मरळ खाण्यात गेली,” हे हळूच म्हणाले, “हे नाई पाह्यलं कधी.” आणि नीट पाहायला म्हणून एक पायरी खाली उतरले.

मयूनं त्यांची लुंगी धरली. “तिथंच थांबा,” ती म्हणाली.

ते तिथंच थांबले.

गल्ली लोटली विहिरीवर. बाया यायच्या, पदर सावरून खाली वाकायच्या आणि कुजबुजत परत जायच्या, जशा बाळंतिणीला पाहून जातात. पोरं शाळेतून सोबती घेऊन यायची. रोशन सगळ्यांना सांगायचा की डायवर बाप आहे, तो कधीच जागा सोडत नाही, गंगी कधीकधी फिरायला जाते. आमच्या घरी ह्याच्या बरोबर उलटं, बाप फिरतीवर अन् आई जागेवर.

पण वैशाख आला, आणि वैशाखात काकाजींच्या विहिरीची उपसणी असायची. दरसाल पंप लावून पाणी काढायचं, माणसं आत उतरवून गाळ वर घ्यायचा आणि विहिरीत जी मासोळी सापडेल तिचा मोठा रस्सा करून गाळ काढणाऱ्यांना अन् गल्लीला जेवू घालायचं. ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. एरवी निघायचे ते बोटभर मासे. ह्या वर्षी विहिरीत दोन चांगल्या मरळी आहेत हे साऱ्या गल्लीलाच माहीत होतं, आणि काकाजींनी जावयाला बोलावणं धाडलं होतं.

मी ओसरीवर गेले. म्हटलं, “काकाजी, ह्या वर्षी त्या दोघींना राहू द्या. पोरांच्या आहेत.”

“आता विहीर कोणाची आहे बाई?”

“तुमचीच. पण टाका म्हणून तुम्हीच तर म्हटलं होतं.”

“टाका म्हटलं. काढू नका, असं थोडीच म्हटलं! विहिरीतलं ते विहिरीवाल्याचं. दुसऱ्या बाजारी देतो ना पोरायले घेऊन, चांगल्या दोन.” माणूस वाईट नव्हता. मरळीच्या बदल्यात मरळ, ह्यात काय चुकलं हे त्यांना खरंच समजत नव्हतं. थोड्या दिवसांपूर्वी मलाही समजलं नसतं.

बादली घेऊन मी आणि रोशननं धरायचा प्रयत्न करून पाहिला. आम्ही पाण्यात हात घातला की सगळा लवाजमा खाली जायचा आणि आम्ही चिखलात माखून वर यायचो. हे मुक्कामी गाडीवर नागपूरला. मयू मला एकच विचारायची, “बाबा उपसणीच्या दिवशी येणार?”

“येणार.”

“नको येऊ दे ना.”

उपसणीच्या दिवशी सकाळपासून पंप धडधडत होता. आवारात तीन दगडांची चूल मांडलेली. तिच्याशेजारी घासूनपुसून ठेवलेला मोठा गंज, ज्यात लग्नाचं वरण शिजते एवढा. बाया मसाला वाटत होत्या. जावईबापू खुर्ची टाकून काठावर बसले होते. आणि माझी दोन्ही पोरं विहिरीच्या कठड्याला धरून खाली बघत उभी होती. सकाळपासून दोघांनीही तोंडात घास घेतला नव्हता.

पाणी उतरत उतरत एका कोपऱ्यात एवढंसं डबकं उरलं. गढूळ. त्यात तो लाल गोळा घट्ट आवळून बसलेला, आणि त्याच्याभोवती दोन पाठी दिसू लागल्या होत्या, कारण लपायला पाणीच राहिलं नव्हतं. पळून जायला आता जागा नव्हती हे खरं. पण जेव्हा होती, डबकं मोठं होतं, पलीकडं दगडांत खोल कपारी होत्या, तेव्हाही ती दोघं पिल्लं सोडून गेली नव्हती. मी वरून सगळं पाहत होते.

गाळ काढणारी माणसं उतरायच्या तयारीत होती, तेवढ्यात हे फाटकातून आत आले. खाकी कपडे, गळ्यात दुपट्टा, खांद्याला पिशवी. काय चाललंय ते एका नजरेत पाहिलं. पिशवी माझ्या हातात दिली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चुलीजवळचा गंज उचलला.

“काकाजी, मी उतरतो,” ते म्हणाले.

सारं आवार हसलं. “आला पाहा खरा गिऱ्हाईक!” जावईबापू म्हणाले. “गंजच घेऊन चालले, मासोळी वर येईपर्यंतबी सबूर नाई!” काकाजीही हसले. “जा बापा, जा. तुझ्यापेक्षा दर्दी कोण आहे इथं.”

मयू किंचाळली. “बाबा, नका! बाबा, तुम्ही शप्पत घेतली होती!” ती पायऱ्यांकडं धावली, मी तिला कमरेला धरलं. ती माझ्या हाताला चावली. आणि खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मलाही ठाऊक नव्हतं की माझा नवरा त्या गंजात काय घेऊन वर येणार आहे. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नव्हतं.

हे खाली पोचले. डबक्यात पाय टाकला तशी एक पाठ सरकली आणि डायवरनं ह्यांच्या पोटरीला धडक दिली. वरपर्यंत आवाज आला. हे हलले नाहीत. दुसरी धडक. तिसऱ्या वेळी त्यानं दात लावले, कारण पोटरीवरून लाल धार चिखलात उतरताना दिसली. हे पुतळ्यासारखे उभे. मग सावकाश खाली वाकले, गंज आडवा केला आणि त्याचं तोंड अर्धं पाण्यात बुडवलं. दुसरा तळवा त्यांनी पाण्यात घातला, त्या लाल गोळ्याच्या मागं.

हसणं केव्हा थांबलं कळलं नाही. पंपसुद्धा कोणीतरी बंद केला होता.

ते तळव्यानं पिल्लांना पुढं सरकवत होते. ढकलत नव्हते, नुसता हात मागं ठेवून वाट पाहत होते. डायवर त्या हाताला चावत होता. मला वरून दिसत होतं, मनगट, अंगठा, पुन्हा मनगट. हे हात काढत नव्हते. लाल गोळा गंजाच्या तोंडाशी आला, तिथं थबकला आणि एकदम सगळाच्या सगळा आत वाहून गेला.

डबक्यात एकही पिल्लू उरलं नाही. डायवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला. चिखल ढवळून निघाला. मग त्यानं गंजावर डोकं आपटलं. ठण्ण! पुन्हा एकदा. ठण्ण! जावईबापू खुर्चीतून उठून कठड्याशी आले होते.

मग तो थांबला. गंजाच्या तोंडासमोर, ह्यांच्या दोन हातांच्या मधे. आणि आपल्या आपण आत गेला.

कोणी धरलं नाही, कोणी हाकललं नाही. ज्या माणसाचा हात त्यानं आताच फोडला होता त्याच माणसाच्या हातांमधून, शिजवायच्या भांड्यात, तो चालत गेल्यासारखा गेला आणि पिल्लांच्या खाली जाऊन राहिला. माझ्या छातीत काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. देवळात कधी तसं झालं नाही. शेजारच्या म्हातारीनं नमस्कार केला, तिचं पाहून आणखी दोघीतिघींनी केला.

गंगी कोपऱ्यात उरली होती. ह्यांनी गळ्यातला दुपट्टा तिच्या खालून घातला, उचललं आणि तिलाही आत सोडलं. गाळवाल्या दोघांनी उतरून गंजाचे कान धरले. वर येईपर्यंत पायऱ्यांवर एकही थेंब सांडला नसेल असे ते आले.

गंज आवारात, आंब्याखाली ठेवला. सगळे गोल करून उभे. स्वयंपाकाच्या बाईनं काकाजींकडं पाहिलं. मसाला वाटून तयार होता, चूल पेटली होती. काकाजींनी गंजात वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि तिच्यावरच खेकसले, “पाहते काय? गंज कामात हाये. दुसऱ्या भांड्यात वरण लाव!”

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या सगळ्यांना गावाबाहेरच्या तळ्यात सोडलं. पण ते नंतरचं.

त्या दुपारी पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी. मी ह्यांच्या पोटरीला अन् हाताला हळद दाबून पट्टी बांधली. हे आंब्याला टेकून बसले होते, गंजापासून थोडे लांबच, सवयीनं. जवळ जायचं नाही हे आता त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मयू गंजाच्या काठावर हनुवटी टेकून बसली होती. मी तिला हाका मारून थकले. सकाळपासून उपाशी पोर, पण जागची हलेना. रोशन जेवून आलादेखील.

शेवटी भुकेनं तिचंच पोट बोललं. ती उठली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. जावईबापू, काकाजी, गाळवाले, रोशन, मी, सगळ्यांवरून तिची नजर फिरली. मग ती आंब्याखाली गेली, बापाचा पट्टी नसलेला हात धरला आणि त्यांना ओढत गंजापाशी आणून बसवलं.

“बाबा, मी जेवून येतो,” ती म्हणाली. “तवरिक तुम्ही बसा इथं. कोणाले हात नका लावू देऊ.”

“नाई लावू देत,” हे म्हणाले आणि पट्टीचा हात गंजाच्या काठावर ठेवला.

मयू पंगतीला बसली, पाठ गंजाकडं करून. दोनदा भात मागून घेतला, आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.